दातांच्या तपासणीला जाताना बीपीच्या गोळ्यांची पाकिटंही न्या

आमच्या नागपुरात दाताच्या डॉक्टरकडे जायचं साधारण रात्री दोन वाजता ठरतं. ठणका सुरू होतो, लवंग दाबून रात्र निघते आणि सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या पेशंट म्हणतो, "काढूनच टाका ना." दुखण्याआधी जाणारे थोडे. त्यातलेही शुगर-बीपीबद्दल बोलत नाहीत. दाताचा अन् शुगरचा काय संबंध, असं त्यांना वाटतं. खरं तर दात कसे सांभाळायचे हे त्या संबंधावरच ठरतं.

म्हणून आधी घरी बसून एक कागद करा. आजार, झालेली ऑपरेशनं, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते आणि शेवटचा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) एवढं त्यावर लिहा. गोळ्यांची नावं लिहिता येत नसतील तर पाकिटंच पिशवीत टाका. दिवस गेलेले असतील, घरात कुणाला सिकलसेल असेल (हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या विदर्भात कमी नाही), हृदयाची झडप बदललेली असेल, तर ते सगळ्यात वर लिहा. झडप बदललेल्यांना हिरड्यांतून रक्त येईल अशा उपचाराआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. सिकलसेलमध्ये दाताचा साधा संसर्गही अंगदुखीचा झटका आणू शकतो.

आता हा कागद डॉक्टरला काय सांगतो ते बघा. शुगर वाढलेली असली की हिरड्या लवकर सुजतात, आणि सुजलेल्या हिरड्यांमुळे शुगर आटोक्यात ठेवणं अवघड होतं. ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी किंवा फिटसाठीचं फेनिटॉइन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. दात नीट घासले जात नसतील तर जास्तच. ॲलर्जीच्या, मानसिक आजारांच्या आणि बीपीच्याही काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. लाळ कमी झाली की कीड झपाट्याने लागते. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून ॲलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिड घेत असाल, तर दात काढण्याआधी ते सांगायलाच हवं, नाही तर क्वचित जबड्याची जखम भरत नाही. रक्त पातळ करायची गोळी मात्र कुणाचं ऐकून स्वतःच बंद करू नका. ती चालू ठेवायची की थांबवायची, हे हृदयाचे आणि दाताचे डॉक्टर आपसात बोलून ठरवतील.

कागदावर खर्राही लिहा. डॉक्टरसमोर सगळेच "कधीतरी, एखादा" म्हणतात. पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणाऱ्या त्या सुपारी-तंबाखू-चुन्याच्या दिवसाला किती पुड्या होतात, तो आकडा खरा लिहा. मग आरशासमोर उभं राहून तोंड पूर्ण उघडा आणि आपलीच तीन बोटं एकावर एक, उभी, पुढच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील, तिखट खाल्लं की आग होत असेल, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरणारा छाला असेल, तर सफाईची तारीख येईपर्यंत थांबू नका. नागपुरात मेडिकल कॉलेजच्या परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन दाखवा. कर्करोगाच्या भीतीने न जाणारेच शेवटी उशिरा पोचतात.

पुढचा प्रश्न, किती दिवसांनी दाखवायचं? "सहा महिन्यांनी" हे उत्तर सगळ्यांना लागू नाही. उपचारांचे नियम सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाईस या संस्थेने २००४ मध्येच सांगून ठेवलंय की मोठ्या माणसांसाठी हे अंतर ३ ते २४ महिने, ज्याच्या-त्याच्या धोक्याप्रमाणे ठरवावं. शुगर जास्त, त्यात हिरड्या खराब आणि खर्रा चालू, अशांना तीन महिन्यांनीच बोलावतील. ज्याला यातलं काही नाही तो वर्षाने गेला तरी चालतं. सफाई केली की दात हलतात, हे मात्र मनातून काढा. ते आधीच हलत असतात, इतके दिवस किटणानं धरून ठेवलेले असतात.

घरचे नियमही माणसागणिक वेगळे. दोनदा ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट सगळ्यांना. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. गरोदरपणात उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. नुसती चूळ भरा आणि अर्धा तास थांबा. दम्याचा पंप घेतल्यावरही चूळ भरा. तोंड कोरडं पडणाऱ्यांनी मे महिन्यात पाण्याची बाटली सोडू नये, आणि त्या उन्हात दिवसभर घोट-घोट उसाचा रस किंवा लिंबूसरबत पीत राहू नये. प्यायचंच असेल तर एकदाच प्या आणि वरून पाणी प्या.

शुगरवाल्यांनी सकाळची वेळ घ्यावी, नाश्ता करून आणि गोळी घेऊन जावं. परत आल्यावर पुढची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा, सिलिंडर आणल्याची लिहिता तशीच.