ट्रॉलीचा दांडा पुन्हा पुन्हा तुटतो? या चुका टाळा

केळीची कापणी जोरात असली की आमच्या रावेर-सावदा पट्ट्यात वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॉल्या उभ्या दिसतात. कोणाचा ट्रॅक्टरला जोडणारा दांडा तुटलेला, कोणाचा पाटा (स्प्रिंगची पट्टी), कोणाच्या चेसिसला भेग. आणि सगळ्यांचं म्हणणं एकच: "कालपर्यंत तं काहीच नव्हतं, भो!"

होतं. कित्येक महिन्यांपासून होतं, फक्त चिखला-ग्रीसखाली दिसत नव्हतं.

पहिली चूक: शेवटच्या खड्ड्याला दोष देणं

तुटलेला तुकडा भंगारात टाकण्याआधी त्याचं तोंड पुसून बघा. बहुतेक वेळा दोन भाग दिसतील. एक गुळगुळीत, काळपट किंवा गंजलेला, त्यावर कमानीसारख्या बारीक रेघा. तापीचं पाणी ओसरताना वाळूवर राहतात तशा. दुसरा भाग ताजा, चमकणारा, खडीसाखरेसारखा खरखरीत. गुळगुळीत भाग म्हणजे भेग हळूहळू सरकत गेलेली जागा. उरलेलं लोखंड भार पेलेनासं झालं तेव्हा एका दणक्यात तुटलं, तो खरखरीत भाग. खड्ड्याने फक्त शेवटचा धक्का दिला.

हा खरखरीत भाग बघून लोक "लोखंडच कच्चं दिलं" म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनिअरांनाही असंच वाटायचं, की हादऱ्यांनी लोखंडाचे खडे होतात आणि ते ठिसूळ बनतं. माल खराब असूही शकतो, पण त्या खड्यांवरून ते ठरत नाही. कमानीच्या रेघा जिथून फुटल्यात तिथे बघा. तिथे जुन्या वेल्डिंगचा खड्डा, ग्राइंडरचा ओरखडा, भोक नाहीतर काटकोनी खाच सापडते.

खाच आणि काटकोन

१८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून मोठा रेल्वे अपघात झाला, पन्नासहून अधिक माणसं गेली. त्याच सुमारास रँकिन या स्कॉटिश इंजिनिअरने तुटलेले आस तपासून सांगितलं, की जाडी जिथे एकदम बदलते त्या खांद्याशी भेग सुरू होते, म्हणून तिथे गोलाई ठेवा. भुसावळहून मुंबईला जाणाऱ्या गाडीचं चाक साधारण ४४० किलोमीटरमध्ये दीड लाख वेळा फिरतं, आणि दर फेऱ्याला आसाचा प्रत्येक कण एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. तरी तो टिकतो, कारण गोलाई नीट असते, ताण मर्यादेत ठेवलेला असतो आणि अल्ट्रासॉनिक तपासणी (ध्वनिलहरींनी आतली भेग शोधणं) होते. आपण मात्र शाफ्ट लेथवर देतो आणि "पायरी सरळ काप, बेअरिंग चपखल बसू दे" म्हणतो. तिथे थोडी तरी गोलाई ठेवायला सांगा; बेअरिंगच्या कडेच्या गोलाईपेक्षा ती लहान असली की बेअरिंग बसतं.

जाड पट्टी मारली की झालं?

ही चूक मी स्वतः केली आहे. चुलत्याच्या ट्रॉलीच्या दांड्याला भेग होती. वरून रॉड फिरवला, त्यावर जाडजूड पट्टी ठोकली, चारही बाजूंनी वेल्ड केली. तीन महिन्यांत दांडा परत तुटला, पट्टी संपते बरोबर त्या रेषेत. मधला भाग ताठ झाला, सगळा ताण पट्टीच्या टोकाला गेला, आणि तिथला आडवा वेल्ड म्हणजे भेगेला तयार जागा.

वरून रॉड फिरवला की भेग झाकली जाते, आत तशीच राहते. आधी ती कुठवर गेलीय ते शोधा. रंग खरवडा, रॉकेल चोपडा, थोड्या वेळाने कोरडं पुसून खडूची पूड लावा. भेगेत शिरलेलं रॉकेल खडूवर काळपट रेघ काढतं. टोक सापडलं की त्याच्या किंचित पुढे ६ ते ८ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे भेग पुढे धावणार नाही. मग ग्राइंडरने मुळापर्यंत व्ही आकाराची चारी काढून वेल्ड भरा. रॉड लो-हायड्रोजन (वेल्डमध्ये हायड्रोजन कमी सोडणारा) आणि कोरडा हवा. पावसाळ्यात पुडा उघडा टाकून दमट झालेला नको. (रॉकेल पूर्ण पुसून, वाळल्याशिवाय ठिणगी पाडू नका, हे वेगळं सांगायला नको.) वरचा उंचवटा ग्राइंडरने भेगेच्या रेषेत न घासता दांड्याच्या लांबीच्या दिशेने सपाट करा. पट्टी लागणारच असेल तर टोकं निमुळती कापा आणि टोकाचा आडवा वेल्ड टाळा.

पाट्यांना वेल्ड नकोच. ते कडक केलेलं पोलाद असतं. वेल्डच्या शेजारी ते ठिसूळ होतं. तुटलेला पाटा बदलायचा. आणि पाटा मधल्या भोकातून तुटला असेल तर यू-बोल्ट ढिले होते का ते बघा, नाहीतर नवाही तिथेच जाईल. हूक आणि जोडपिनही बदलायचीच.

"थोडंच जास्त भरलंय"

वेल्ड केलेल्या सांध्याचं आयुष्य ताणाच्या साधारण घनाने घटतं. ताण सव्वापट झाला तर आयुष्य जवळपास निम्मं, दुप्पट झाला तर आठवा हिस्सा. खताच्या गोण्यांची ट्रॉली न धुता ठेवली तर गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि मग कमी भारातही भेग सुरू होते.

कापणी सुरू व्हायच्या आधी ट्रॉली रिकामी असताना एकदा धुऊन घ्या. मग रॉकेल-खडू घेऊन दांड्याचा मागचा सांधा, हुकाचा गळा, पाट्यांचं मधलं भोक आणि जुना प्रत्येक वेल्ड बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.