रान मोकळे आहे तोवर चुन्याचे बघा

पीक निघाले आहे, पुढच्या पेरणीला दोन-तीन महिने आहेत आणि जमिनीत थोडी ओल आहे. आम्लधर्मी जमिनीला चुना द्यायला यापेक्षा सोयीचा काळ वर्षात दुसरा नाही. चुनखडीची भुकटी मातीत विरघळायला वेळ घेते. पेरणीच्या आदल्या आठवड्यात घाईने फेकलेल्या चुन्याचा त्या पिकाला फारसा लाभ होत नाही, आणि मग ‘चुना टाकून पाहिला, काही उपयोग नाही’ असे बोलले जाते.

शंका कधी घ्यावी? खताची मात्रा पूर्ण देऊनही पीक खुरटे राहते, पाऊस चार दिवस लांबला की शेजारच्या रानाआधी माना टाकते, आणि वाढही सगळीकडे सारखी नसते. पुढच्या हंगामात अशा जागेतले एक रोप मुळासकट अलगद उपटा आणि बादलीभर पाण्यात हलवून माती धुऊन काढा. मुळे आखूड, जाडसर, टोकाला तपकिरी आणि तंतुमुळे जवळजवळ नाहीत असे दिसले, तर अ‍ॅल्युमिनियमचा संशय घ्यायला जागा आहे. सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी जमीन आम्ल) साधारण ५.५ च्या खाली उतरला की मातीतले अ‍ॅल्युमिनियम विरघळू लागते आणि मुळांची वाढती टोकेच मारते. मूळ खोल जात नाही, त्यामुळे खाली ओल असूनही पीक तहानलेले राहते. द्विदल पीक असेल तर मुळावरची गाठ नखाने फोडून पाहा. आतून गुलाबी असेल तर नत्र स्थिरीकरण, म्हणजे गाठीतल्या जिवाणूंनी हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देणे, चालू आहे. पांढरट किंवा हिरवट निघाली, किंवा गाठीच मोजक्या असतील, तर जिवाणूंचे काम बसलेले आहे. याला इतर कारणेही असू शकतात, पण माती तपासायला एवढे निमित्त पुरे.

स्फुरदाचे (फॉस्फरसचे) दुखणे वेगळेच. आम्ल मातीत ते लोह आणि अ‍ॅल्युमिनियमशी बांधले जाते आणि मुळांना मिळत नाही. सामू ५ असताना स्फुरदाचा डोस वर्षानुवर्षे वाढवत राहणे म्हणजे अक्षरशः पैसे मातीत घालणे. आधी चुना, मग खत, हा क्रम पाळला तर तेच खत जास्त लागू पडते.

नमुना नीट घ्या. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून १५ सेंमी खोल व्ही आकाराचा खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची माती काढा. बांध, झाडाची सावली, शेणखताच्या ढिगाची जागा टाळा. रंग किंवा पोत वेगळा असलेल्या तुकड्याचा नमुना वेगळा ठेवा. अहवालात आकड्यांतला फरक लहान दिसतो, पण सामू ५ म्हणजे ६ पेक्षा दहापट आम्ल.

मात्र नुसत्या सामूवरून चुन्याची मात्रा ठरवता येत नाही. एक रान रेताड, दुसरे चिकण, दोन्हींचा सामू ५.२ असला तरी चिकण मातीला कितीतरी जास्त चुना लागतो, कारण तिच्या कणांवर आम्लता साठवलेली असते. म्हणून प्रयोगशाळेत नमुना देतानाच ‘चुन्याची गरज’ काढून मागा. शेजाऱ्याने हेक्टरी किती टाकला हे विचारून आपली मात्रा ठरवू नका.

चुना विकत घेताना दोन गोष्टी पाहा: आम्लता मारण्याची ताकद आणि बारीकपणा. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची ताकद १०० धरतात. त्या हिशेबात शुद्ध डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) १०९, विझवलेला चुना सुमारे १३५ आणि चुनकळी (भाजलेली, न विझवलेली चुनखडी) १७९. अहवालात हेक्टरी २ टन शुद्ध चुनखडी सांगितली असेल आणि तुमच्या मालाची ताकद ८० असेल, तर २.५ टन टाकावा लागेल. आता मूठभर माल बोटांत चोळा. पिठासारखा लागला तर ठीक, वाळूसारखा खरखरला तर त्यातले जाड कण वर्षानुवर्षे तसेच पडून राहतील. पाव मिलिमीटरच्या चाळणीतून बहुतेक माल खाली जायला हवा. मातीत मॅग्नेशियम कमी असेल तर डोलोमाइट घ्यावे. चुनकळी झटपट काम करते, पण कातडी आणि डोळे भाजते, त्यामुळे सवय नसेल तर तिच्या वाटेला न गेलेले बरे. आणि जिप्सम म्हणजे चुना नव्हे. ते कॅल्शियम देते, खालच्या थरातल्या अ‍ॅल्युमिनियमचा त्रासही कमी करते, पण सामू वाढवत नाही.

वारा पडलेला असताना अर्धी मात्रा उभी आणि अर्धी आडवी फेका, मग कुळवाची पाळी देऊन वरच्या १५ सेंमी थरात मिसळा. वर नुसता पसरलेला चुना खाली फार सावकाश उतरतो. ताजे शेणखत, युरिया, अमोनियम सल्फेट किंवा डीएपी त्याच वेळी टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जाते. तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवा. एकदम पूर्ण मात्रा झेपत नसेल तर पेरणीच्या सरीत हेक्टरी २ ते ४ क्विंटल बारीक चुना देता येतो. मात्र तो दर वर्षी द्यावा लागेल.

सामू ६ ते ६.५ वर आला की बहुतेक पिकांना पुरे. त्यापुढे ओढत नेलात तर जस्त, लोह, मँगनीज, बोरॉन यांची कमतरता दिसू लागते, बटाट्यावर खवल्या रोग वाढतो. चहा आणि अननसाला तर आम्ल जमीनच मानवते, तिथे हात राखूनच.

एकदा चुना दिला की काम संपत नाही. पाऊस कॅल्शियम धुऊन नेतो, पीक उचलून नेते, आणि नत्रखते आम्ल तयार करतात. १०० किलो अमोनियम सल्फेटने झालेली आम्लता मारायला सुमारे ११० किलो चुनखडी लागते, तेवढ्याच युरियाला साधारण ८० किलो. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८५६ पासून चालू असलेल्या गवताच्या प्रयोगात, चुना न देता वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिलेल्या तुकड्यांचा सामू ४ च्याही खाली गेला आणि गवताच्या जाती बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या.

पहिली फेरतपासणी एका वर्षाने करा, नंतर दर तीन वर्षांनी. नमुना दर वेळी त्याच महिन्यात घ्या. एकाच रानाचा सामू कोरड्या दिवसांत आणि पावसानंतर काही दशांशांनी वेगळा येतो, आणि त्या फरकाला चुन्याचा परिणाम समजून पुढची मात्रा चुकते.