प्रेसशॉपला लागताय? अपघाताची नोंद कुठे होते ते आधी बघा

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून-कापून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, नव्याने लागणाऱ्या पोरांसाठी लिहितोय. शिफ्ट, टार्गेट, ओव्हरटाइम हे आठवडाभरात कळतंच.

माझ्या उजव्या तर्जनीचं पेर डायखाली (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याखाली) गेलं. हात डायपासून लांब राहावेत म्हणून प्रेसला दोन हातांची बटणं होती, पण नग जास्त निघावेत म्हणून एक बटण कायमचं दाबून ठेवलेलं. मशीन मला तसंच मिळालं. गार्ड (हात आत जाऊ न देणारं संरक्षण) बसवणं आणि ते चालू ठेवणं ही मालकाची जबाबदारी. 1948 च्या कारखाना अधिनियमातही होती, नव्या कामगार संहितेतही आहे. "लक्ष कुठे होतं तुझं?" असं कोणी विचारलं तर मान खाली घालू नका.

खरा फास पुढे असतो. ठेकेदार लगेच गाडी काढतो, खाजगी दवाखान्यात नेतो, बिल भरतो. तेव्हा माणूस देवासारखा वाटतो. माझ्या केसपेपरवर मात्र "घरी दारात बोट चेंगरलं" असं लिहिलं गेलं. जखम भरली आणि ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं. ईएसआयकडे (कामगारांच्या सरकारी विमा योजनेकडे) गेलो तर कारखान्यात अपघात झाल्याची कुठेच नोंद नाही! कामावरचा अपघात असेल तर ईएसआय बरं होईपर्यंत पगाराच्या साधारण 90 टक्के देते, कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड ठरवेल तशी आयुष्यभराची पेन्शन. नोकरीचा पहिला दिवस असला तरी हा हक्क आहे. एका बिलाच्या बदल्यात हे सगळं जातं.

म्हणून अपघात नोंदवहीत लगेच लिहायला लावा: वेळ, मशीन, साक्षीदार. हात चालत नसेल तर सोबत्याने तुमच्या वतीने केलेली नोंदही चालते. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात "कंपनीत, प्रेसवर" सांगा आणि केसपेपर वाचून घ्या.

हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बायपास करायला शिकवतो त्याला मी उस्ताद मानत नाही. मला ज्यांनी काम शिकवलं ते डाय बदलताना मेन स्विच बंद करून किल्ली खिशात ठेवायचे, रॅमखाली (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाखाली) ब्लॉक लावायचे आणि उशीर झाला म्हणून सुपरवायझरच्या शिव्या खायचे.

घाबरून काम सोडू नका, मी आजही प्रेसवरच आहे. पगारातून ईएसआयचे 0.75 टक्के कापले जात असतील तर विमा नंबर पहिल्याच महिन्यात मागून घ्या. नोंद करायला कोणी नकार दिला तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नाशिक कार्यालयाला आणि ईएसआयला त्याच दिवशी लेखी अर्ज स्पीड पोस्टने पाठवा. पावती घरी ठेवा, लॉकरमध्ये नको.