भिंतीवरची छिद्रे कशी गेली: माझा अनुभव

साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या माझ्या पहिल्या भिंतीचे शटरिंग उघडले, तेव्हा पृष्ठभागावर बुडबुड्यांची असंख्य छिद्रे होती आणि फळ्यांच्या सांध्यांपाशी सिमेंटचा रस गळून गेल्याने नुसती खडी उघडी पडली होती. मिश्रणात पाणी वाढवावे, असा सल्ला मिळाला. परंतु त्याने ताकद घटते आणि खडी खाली बसते, म्हणून मी तो मानला नाही.

दुसऱ्या भिंतीसाठी गुळगुळीत लेपाचे प्लायवूड घेतले, सांध्यांत फोमची पट्टी बसवली आणि साच्याचे तेल लावून जास्तीचे फडक्याने पुसून काढले, कारण साचलेल्या तेलात हवा अडकते आणि डागही पडतात. खरा फरक मात्र व्हायब्रेटरने, म्हणजे ओल्या काँक्रीटमध्ये कंप पावणारी नळी बुडवून आतली हवा बाहेर काढणाऱ्या यंत्राने, पडला. पूर्वी मी जवळजवळ मीटरभर काँक्रीट एकदम ओतत असे; आता सुमारे ३०० ते ४०० मिलिमीटरचे थर दिले, व्हायब्रेटरची नळी प्रत्येक वेळी खालच्या थरात सुमारे १५० मिलिमीटर उतरवली आणि बुडबुडे येणे थांबल्यावरच ती अगदी सावकाश वर घेतली. नळी फळीला टेकू न देणे फार महत्त्वाचे आहे.

उरलेली मोजकी छिद्रे भिंत ओली करून सिमेंट व बारीक वाळूच्या लेपाने भरली.