हाय-गेन अँपच्या आवृत्त्यांमधला खर्जाचा टाइटपणा ताडून पाहताना या चुका टाळा

एकाच हाय-गेन अँपच्या, म्हणजे आवाज जोरदार फाटवणाऱ्या गिटार अँपच्या, दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ऐकल्या की ‘जुनी जास्त टाइट आहे’ किंवा ‘नवी जास्त टाइट आहे’ असा निकाल फार लवकर दिला जातो. पुष्कळदा त्या तुलनेत सर्किट मुळात ऐकलेच गेलेले नसते. ऐकला गेलेला असतो तो आवाजाच्या पातळीतला, ट्यूबच्या (अँपमधल्या काचेच्या व्हॉल्व्हच्या) वयातला किंवा कॅबिनेटमधला (स्पीकरच्या पेटीतला) फरक. खर्जाचा टाइटपणा म्हणजे खालचा स्वर किती चटकन उभा राहतो आणि पाम म्यूट करताच, म्हणजे तळहाताची कड तारांवर टेकवून स्वर दाबताच, किती चटकन थांबतो. बास किती आहे हा वेगळा प्रश्न आहे, आणि या दोन प्रश्नांची गल्लत ही बाकीच्या बहुतेक चुकांची जननी आहे.

आवाजाची पातळी न जुळवणे

मंद आवाजात मानवी कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते. त्यामुळे जो अँप थोडा मोठ्याने वाजतो त्याचा खर्ज भरीव वाटतो आणि जो हळू वाजतो तो आटोपशीर, म्हणूनच ‘टाइट’, वाटतो. मास्टर व्हॉल्यूमचे आकडे सारखे ठेवून ही पातळी जुळत नाही. ती मीटरवर, एकाच जागी ठेवलेल्या माइकने जुळवावी. ऐकणाऱ्यानेही जागा बदलू नये, कारण ४ मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झपासून स्थिर लहरी तयार होतात आणि दोन पावले सरकल्यावर खर्ज फुगतो किंवा नाहीसा होतो.

नॉबचे आकडे जुळवणे

पोटेंशिओमीटरमध्ये, म्हणजे नॉबमागच्या बदलत्या रोधात, २० टक्क्यांपर्यंतची तफावत सर्वसामान्य मानली जाते. त्यामुळे एकाच कारखान्यातल्या, एकाच आवृत्तीच्या दोन अँपवरही ‘बास ५’ चा अर्थ तंतोतंत सारखा नसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे टोन कंट्रोल सर्किटमध्ये कुठे बसवले आहेत ते पाहावे. मेसा बूगी या कंपनीच्या मार्क मालिकेतल्या अँपमध्ये ते डिस्टॉर्शनच्या (आवाज फाटवणाऱ्या टप्प्याच्या) आधी येतात. म्हणून जाणकार तिथे बास अगदी खाली ठेवतात आणि हवा असलेला खर्ज नंतरच्या ग्राफिक इक्वलायझरच्या ८० हर्ट्झच्या पट्टीने परत आणतात. मेसाच्याच ड्युअल रेक्टिफायर किंवा पीव्ही कंपनीच्या ५१५० या अँपमध्ये हेच कंट्रोल डिस्टॉर्शनच्या नंतर येतात. तिथे बास कमी केल्याने आधीच चिखल झालेला आवाज फक्त पातळ होतो, टाइट होत नाही.

क्लिपिंगच्या आधी काय घडते, हे न पाहणे

माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे, आणि आवृत्त्यांमधले खरे फरक बहुधा इथेच सापडतात. सर्वसाधारण ट्यूनिंगमध्ये खालची ई तार ८२.४ हर्ट्झवर आणि तिच्या पॉवर कॉर्डमधला (मूळ स्वर आणि पंचम यांच्या जोडीतला) पंचम सुमारे १२३.५ हर्ट्झवर वाजतो. हे दोन स्वर एकत्र क्लिप झाले, म्हणजे अँपच्या मर्यादेबाहेर जाऊन त्यांच्या लहरींची टोके कापली गेली, की त्यांच्या फरकाचा, म्हणजे सुमारे ४१ हर्ट्झचा, तिसरा स्वर जन्माला येतो आणि तो मूळ स्वराच्या बरोबर एक सप्तक खाली घुमत राहतो. सात तारांच्या गिटारवर तर तो ३१ हर्ट्झच्या आसपास उतरतो. म्हणून चांगला डिझाइनर क्लिपिंगच्या आधीच खर्ज छाटतो. ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कॅपॅसिटर (दोन टप्प्यांना जोडणारा) १ मेगओमच्या रोधासमोर साधारण ७ हर्ट्झच्या वरचे सगळे पुढे जाऊ देतो, तर ०.००२२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ७२ हर्ट्झपासूनच छाटणी सुरू करतो. शिवाय मोठा कॅपॅसिटर जोरदार स्ट्रोकने चार्ज झाला की पूर्ववत व्हायला जास्त वेळ घेतो, आणि तेवढा वेळ पुढची ट्यूब अडखळते. वेगवान रिफमध्ये (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या सुरावटीत) ऐकू येणारा भसाडेपणा अनेकदा याच कारणाने येतो.

याच कारणासाठी तुलना करताना अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर हा ओव्हरड्राइव्ह पेडल लावू नये. तो पेडल सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग क्रमशः दाबतो, त्यामुळे दोन्ही आवृत्त्या सारख्याच टाइट ऐकू येतात आणि ज्या फरकाचा शोध चालू आहे तोच झाकला जातो. पेडलसह कोणता अँप बरा वाटतो, हे स्वतंत्रपणे तपासावे.

नाव बदलले म्हणजे सर्किट बदलले, असे समजणे

पीव्हीने १९९२ मध्ये आणलेला ५१५० हा गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांच्याशी असलेला करार संपल्यावर ६५०५ या नावाने विकला जाऊ लागला. सर्किट जवळजवळ तेच राहिले, तरीही दोघांच्या खर्जाबद्दल आजही ठाम मते मांडली जातात. असा फरक खरोखर ऐकू आला, तर आधी ट्यूबकडे पाहावे. या अँपमध्ये बायस, म्हणजे पॉवर ट्यूबमधून वाहणारा स्थिर प्रवाह ठरवणारा व्होल्टेज, बदलण्याची सोय मुळात दिलेली नसते, त्यामुळे पॉवर ट्यूबचा वेगळा संच बसवला की त्यांतून वाहणारा प्रवाह बदलतो आणि स्पर्शाला मिळणारा प्रतिसादही बदलतो.

पॉवर अँप आणि स्पीकर वगळणे

ड्युअल रेक्टिफायरच्या मॉडर्न मोडमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा काही भाग उलटा परत देऊन पॉवर अँपला आवर घालणारी सोय) काढून टाकलेला असतो, म्हणून स्पीकरच्या शंकूवरचा ताबा सैल होतो. तिथला मॉडर्न मोड एका आवृत्तीवर आणि व्हिंटेज मोड दुसरीवर ऐकून काढलेला निष्कर्ष आवृत्त्यांबद्दल काहीच सांगत नाही. ट्यूब आणि डायोड रेक्टिफिकेशनमधली (एसी वीज डीसी करण्याच्या दोन मार्गांमधली) निवड, तसेच अँपचा व्होल्टेज कमी-जास्त करणारा बोल्ड-स्पंजी स्विच, हेही दोन्हीकडे सारखे ठेवावे. कॅबिनेट एकच हवे, कारण बंद कॅबिनेटमध्ये अनुनादाच्या जागी स्पीकरचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) कित्येक पटींनी वाढतो आणि पॉवर अँप त्या उंचवट्याला उत्तर देतो. स्पीकरऐवजी साधा रोध जोडलेल्या रेझिस्टिव्ह लोडवर हा उंचवटाच नसतो; तिथली तुलना प्रीअँपपुरतीच ग्राह्य धरावी.

वय विसरणे

तीस वर्षांच्या अँपमधले इलेक्ट्रोलिटिक फिल्टर कॅपॅसिटर सुकलेले असतील, तर पॉवर सप्लाय जोरदार स्ट्रोकला खचतो आणि खर्ज ढिला पडतो; तो दोष आवृत्तीचा नसतो. ही तपासणी आणि बदली मात्र तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी, कारण अँप बंद केल्यावरही त्या कॅपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले राहू शकतात.

वाजवणाऱ्या हाताचा फरक टाळण्यासाठी एकच रिफ डीआयमधून (गिटारचा थेट सिग्नल घेणाऱ्या बॉक्समधून) एकदा रेकॉर्ड करून, तो सिग्नल पुन्हा अँपला देणाऱ्या रीअँप बॉक्समार्फत दोन्ही अँपमध्ये सोडावी. त्या रिफमध्ये सलग पाम म्यूट, अचानक थांबे आणि मोकळी सोडलेली एक खालची कॉर्ड असावी. दोन्ही ध्वनिमुद्रणे कोणती कोणाची हे न सांगता दुसऱ्या कुणाकडून लावून घ्यावीत, आणि लक्ष त्या थांब्यांवर ठेवावे. स्वर तोडल्यानंतर खाली काय उरते, तिथेच दोन आवृत्त्या वेगळ्या ओळखू येतात.