लिनक्सची सिक्युरिटी बातमी आली की आधी काय बघायचं

दर थोड्या दिवसांनी कुठल्या तरी ग्रुपवर लाल अक्षरांचा स्क्रीनशॉट येतो, लिनक्समध्ये भयंकर होल सापडलं, सगळे सर्व्हर धोक्यात वगैरे, आणि लगेच दोन पार्ट्या पडतात, एक ‘आपलं लिनक्स आहे, आपल्याला काय होतंय’ वाली आणि दुसरी रात्री अकराला सर्व्हर बंद करून बसणारी. आपल्या मशीनवर नेमकं काय चाललंय ते मात्र कुणीच बघत नाही. ते कसं बघायचं ते सांगतो. उदाहरणं डेबियन या लिनक्सच्या प्रकाराची देतो कारण रोजचा संबंध त्याच्याशीच आहे, उबंटू-मिंटवाल्यांना बरंचसं तसंच लागू पडेल. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाईप अर्थात इंग्रजी अक्षरांत करायच्या.

पहिलं म्हणजे आपला रिलीज कोणता आणि त्याला अजून पॅच, म्हणजे दुरुस्त्या, मिळतायत का. ‘होस्टनेमसीटीएल’ मारा, नाव आणि नंबर दिसेल. डेबियन १२ म्हणजे बुकवर्म, १० जून २०२३ ला आलं, त्याला डेबियनच्या मुख्य सिक्युरिटी टीमचे पॅच १० जून २०२६ पर्यंत आणि पुढे एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे लांब मुदतीचा सपोर्ट) टीमचे ३० जून २०२८ पर्यंत. डेबियन १३ म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आलं. उबंटूच्या एलटीएसला पाच वर्षं, मधल्या रिलीजना फक्त नऊ महिने, हे कित्येकांना माहीतच नसतं आणि मग वर्षभर बिनपॅचचं मशीन वापरत राहतात. २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२५ च्या मे महिन्यात संपला, पण उबंटू प्रो घरगुती वापराला पाच मशीनपर्यंत फुकट आहे, ते जोडलं तर अजून काही वर्षं पॅच येत राहतात. आणि सेंटओएस ७ (सर्व्हरवर चालणारं आणखी एक लिनक्स) चा विषय ३० जून २०२४ लाच संपलाय, तरी एखाद्या ऑफिसच्या कोपऱ्यात ते धूळ खात चालू असतंच, तसलं मशीन असेल तर बातम्या वाचत बसू नका, ते हलवायची तारीख ठरवा.

आता मुख्य मुद्दा, जिथे सगळ्यांचा घोटाळा होतो, तो व्हर्जन नंबरचा. १ जुलै २०२४ ला क्वालिस या सिक्युरिटी कंपनीने ओपनएसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन करायचा प्रोग्राम) मधलं एक होल जाहीर केलं, सीव्हीई-२०२४-६३८७ (सीव्हीई म्हणजे होलला मिळणारा ओळख नंबर). २००६ मध्ये बुजवलेलं होल ८.५ व्हर्जनमध्ये परत उघडलं गेलं होतं आणि लॉगिन न करता थेट रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, मिळण्याची शक्यता होती, म्हणजे बातमी खरोखर मोठी होती. बातमीत लिहिलेलं की ९.८ मध्ये दुरुस्त झालंय. मग लोक बुकवर्मवर बघतात तर ९.२, अपडेट करून परत बघतात तरी ९.२, आणि घाबरून कुठून तरी सोर्स उतरवून स्वतः कंपाईल करायला घेतात. हे अजिबात करू नका. डेबियन स्टेबलमध्ये (म्हणजे पक्क्या, जाहीर झालेल्या रिलीजमध्ये) सहसा नवीन व्हर्जन येत नाही, फक्त दुरुस्ती जुन्या व्हर्जनला लावतात, त्याला बॅकपोर्ट म्हणतात. नंबर ९.२ च राहतो, बदलते ती शेपटी. ‘अ‍ॅप्ट पॉलिसी ओपनएसएसएच-सर्व्हर’ मारलं की ‘९.२पी१-२+डेब१२यू३’ असं काहीतरी दिसतं, त्यातला यू३ हा खरा पॅच, यू३ किंवा त्याच्या पुढचं असेल तर या होलपुरते तुम्ही सुटलात. कंपनीत ऑडिटवाले स्कॅनरचा लाल रिपोर्ट घेऊन येतात तेव्हाही हेच झालेलं असतं, एसएसएचच्या बॅनरमध्ये डेबियनची पूर्ण शेपटी असते तरी स्कॅनर पुढचा ९.२ बघून मोकळा होतो. त्यांना ‘अ‍ॅप्ट चेंजलॉग’ मधली सीव्हीई नंबरची ओळ काढून द्या, वाद मिटतो.

याहून सोपं म्हणजे डेबियनचा सिक्युरिटी ट्रॅकर उघडून सीव्हीई नंबर टाका, प्रत्येक रिलीजपुढे दुरुस्त आहे की नाही ते लिहिलेलं असतं. कधी कधी उत्तर येतं की तुम्हाला ते लागूच नाही. जून २०२५ च्या शेवटी सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवायचा प्रोग्राम) चं प्रकरण आलं, सीव्हीई-२०२५-३२४६३, सीएचरूट ऑप्शनमधून साधा युजर रूट होऊ शकत होता, पण ते होल १.९.१४ पासून पुढे होतं आणि बुकवर्मवर १.९.१३, म्हणजे जुनं असल्यामुळेच वाचले. एक्सझेड (फाईली दाबून लहान करायचा प्रोग्राम) चंही तसंच, २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरने एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याच्या मागे लागून ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मुद्दाम घुसवलेलं बॅकडोअर (चोरवाट) पकडलं, आणि ते डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या कच्च्या शाखांपर्यंत पोचलेलं, स्टेबलपर्यंत नाही. म्हणून पैसे कमावणारा सर्व्हर टेस्टिंगवर चालवणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बातम्या वेगळ्या पद्धतीने वाचा. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलवाले स्वतःच सीव्हीई नंबर देतात आणि जवळजवळ प्रत्येक बगफिक्सला देतात, त्यामुळे आकडा एकदम फुगला, त्यावरून लिनक्स अचानक बिघडलं असं काही नाही. प्रत्येक नंबर वाचायला गेलात तर जेवायला वेळ मिळणार नाही. तीनच प्रश्न विचारा: नेटवर्कवरून लॉगिन न करता होतंय का, माझ्या मशीनवर अनोळखी युजर किंवा कंटेनर (वेगळ्या कप्प्यात चालवलेले प्रोग्राम) चालतात का, आणि प्रत्यक्ष हल्ल्यात वापरलं गेलंय का. शेवटच्याचं उत्तर अमेरिकेच्या सिसा या संस्थेच्या केईव्ही यादीत (प्रत्यक्ष हल्ल्यात वापरलेल्या होलांची यादी) मिळतं. वरचं सुडोवालं होल त्या यादीत आहे, म्हणजे ज्यांना ते लागू होतं त्यांनी रविवारची वाट बघायची नव्हती.

पॅच आपोआप यायला ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ पॅकेज टाका, मग सिक्युरिटीचे पॅच रोज स्वतःहून लागतात. पण ते स्वतःहून रिबूट करत नाही, आणि नवीन कर्नल डिस्कवर येऊन पडला तरी मेमरीत जुनाच चालू असतो. ‘यूनेम डॅश व्ही’ ने चालू कर्नलचा डेबियन नंबर आणि तारीख दिसते, ती जुनी असेल तर रिबूट करा. लायब्ररी बदलली तर कुठली सर्व्हिस अजून जुनीच धरून बसलीय ते ‘नीडरीस्टार्ट’ सांगतं.

बुकवर्मवरून ट्रिक्सीला जायचं असेल तर आधी बॅकअप, मग बुकवर्म पूर्ण अपडेट करा, कारण जुनं ओपनएसएसएच घेऊन निघालात तर अपग्रेडच्या मध्यात नवीन एसएसएच कनेक्शन घेतच नाही आणि रिमोट मशीन असेल तर घाम फुटतो. टीमक्समध्येच काम करा, म्हणजे नेट गेलं तरी अपग्रेड चालू राहील. स्लॅश बूटचं वेगळं पार्टिशन असेल तर त्यात साधारण ३०० एमबी मोकळी हवी. ३२-बिट कर्नलवर चालणारा जुना पीसी असेल तर थांबा, ट्रिक्सीत त्याच्यासाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. बाहेरच्या रेपो (पॅकेज जिथून येतात ती ठिकाणं) बंद करा, सोर्सेसच्या फाईलमध्ये बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी लिहा, ‘बुकवर्म-सिक्युरिटी’ ची ओळ विसरू नका, मग ‘अ‍ॅप्ट अपडेट’, मग ‘अ‍ॅप्ट अपग्रेड’ ला ‘विदाऊट-न्यू-पीकेजीएस’ जोडून, आणि शेवटी ‘अ‍ॅप्ट फुल-अपग्रेड’. ११ वरून थेट १३ ला उडी मारता येत नाही, मध्ये १२ करावंच लागतं.

रिबूटनंतर नेटवर्क आलं नाही तर आधी इंटरफेसचं नाव बदललंय का बघा. स्लॅश टेम्प आता रॅममध्ये असतं, निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकतं, त्यामुळे तिथे मोठ्या फाईली टाकणारी स्क्रिप्ट असेल तर जागा बदला. आणि ‘अ‍ॅप्ट लिस्ट’ पुढे अवतरणात टिल्डा-ओ टाकून चालवा, जी पॅकेजेस आता कुठल्याच रेपोत नाहीत ती दिसतील, त्यांना इथून पुढे कुणीही पॅच देणार नाही, तेव्हा लागत नसतील ती उडवा आणि लागणारी कुठून आणायची ते त्याच दिवशी ठरवा.