एआरच्या काचेवर काळा रंग उमटत नाही

व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांपुढे संपूर्ण आभासी जग उभे करणाऱ्या तंत्रात, दोन वर्षे काम केल्यावर मी यंत्रदेखभालीच्या प्रशिक्षणासाठी एआर (खऱ्या दृश्यावर आभासी चित्रे चढवणारे तंत्र) ॲप बनवण्याच्या कामाकडे वळले, तेव्हा हेडसेट बदलला तरी रचना तीच चालेल, अशी माझी समजूत होती. युनिटी या ॲप बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेला माझा पहिला सूचनाफलक काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांचा होता आणि संगणकावर तो अगदी ठसठशीत दिसत होता. होलोलेन्स २ हा पारदर्शक काचेचा एआर हेडसेट डोक्यावर चढवून पाहिले, तर फलक कुठेच नव्हता. नुसती अक्षरे मागच्या पाइपांवर तरंगत होती, आणि जिथे पाइपाला पांढरा रंग दिलेला होता तिथे तीही वाचता येत नव्हती.

याचे कारण नीट समजून घेतल्याशिवाय या क्षेत्रात पुढे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. व्हीआर हेडसेट बाहेरचा प्रकाश पूर्ण अडवतो आणि डोळ्यांपर्यंत फक्त स्वतःच्या पडद्याचा प्रकाश पोहोचवतो, म्हणून तिथे काळा रंग दाखवता येतो. पारदर्शक काचेच्या एआर हेडसेटला मात्र समोरून येणाऱ्या प्रकाशात भर घालता येते, त्यातून काही वजा करता येत नाही. त्यामुळे काळा म्हणजे पारदर्शक, गडद करडा म्हणजे फिकट धुके, आणि सावली तर काढताच येत नाही. सावलीचा आभास हवा असेल तर तिच्याभोवतीचा भाग किंचित उजळ करावा लागतो. २०२२ च्या मॅजिक लीप २ या एआर हेडसेटमध्ये काचेचा ठरावीक भाग मंद करण्याची सोय आली, पण तो थर डोळ्याच्या फार जवळ असल्याने त्याची कड धूसरच दिसते.

दुसरी अडचण दृष्टिक्षेत्राची, म्हणजे आभासी चित्र जेवढ्या कोनात दिसू शकते त्याची. होलोलेन्स २ चे दृष्टिक्षेत्र कर्णात सुमारे ५२ अंश सांगितले जाते आणि मेटाच्या क्वेस्ट ३ हेडसेटचे आडवे ११० अंश; जाहिरातीतले आकडे ताडून पाहताना कोणता कर्णाचा आणि कोणता आडवा, हे आधी तपासावे. होलोलेन्स २ चे आडवे क्षेत्र सुमारे ४३ अंश आणि उभे २९ अंश धरले, तर दोन मीटरवर साधारण दीड मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढीच खिडकी मिळते. खरी खोली तिच्या बाहेरही दिसत राहते, म्हणून पुरुषभर उंचीचा आभासी पंप मधोमध कापल्यासारखा दिसतो आणि शिकणाऱ्याला उरलेला भाग आहे की नाही हेच कळत नाही. मी तेव्हापासून मोठे यंत्र आधी टेबलावर मावेल एवढे दाखवते आणि खिडकीबाहेरच्या भागाकडे बाण ठेवते.

डोके हलल्यापासून चित्र बदलेपर्यंतच्या विलंबाचेही तसेच आहे. व्हीआरमध्ये चित्र मागे पडले तर सगळे जगच एकत्र मागे पडते. एआरमध्ये खऱ्या बोल्टवर ठेवलेली खूण डोके वळवताच बोल्टवरून सरकलेली दिसते, आणि शिकाऊ माणूस चुकीच्या बोल्टला पाना लावू शकतो.

कॅमेऱ्यातून बाहेरचे जग दाखवणाऱ्या क्वेस्ट ३ किंवा ॲपल व्हिजन प्रो यांच्यात काळा रंग मिळतो, कारण तिथे खरे जगही पडद्यावरच उमटते. पण बॅटरी संपली की डोळ्यांपुढे अंधार होतो, म्हणून चालू यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला मी तो हेडसेट देत नाही.

हेडसेट हाताशी नसलेल्यांनी घरीच एक प्रयोग करावा. फोनचा उजेड पूर्ण वाढवून तो टेबलावर आडवा ठेवावा, त्यावर पारदर्शक काच ४५ अंशांत तिरपी धरावी आणि काचेत उमटणारे प्रतिबिंब समोरून पाहावे. आधी काळ्या फलकावरची पांढरी अक्षरे पाहावीत, मग गडद निळी, मग पिवळी. त्यानंतर तोच फोन आणि तीच काच भर दुपारी गॅलरीत नेऊन काय उरते ते पाहावे आणि आपल्या रंगांची यादी त्यानंतरच ठरवावी.